पुढच्या चाकांचा दांडा

आबा, काल तुमच्या पणतीनं, माझ्या नातीनं, मला चिखल बघायला नेलं. हसू नका, खरंच सांगते. तिची आणि तिच्या दोस्तांची टोळी आहे, सहा-सात जीपगाड्या, एकेकीची चाकं माझ्या छातीला लागतील एवढी. सुट्टी आली की ही माणसं मुद्दाम वाट सोडून खाडीत, दगडात, वाळूत गाड्या घालतात. एक रुतली की दुसरी दोर बांधून तिला ओढते आणि सगळे टाळ्या पिटतात. मला सुरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून दिली होती. मी म्हटलं, अगं बाई, आमचा जन्म गेला चिखलातून बाहेर यायला, आणि तुम्ही हौसेनं आत जाता! ती खिदळली आणि मला गाडीत बसवून एक बटण दाखवू लागली, "आज्जी, हे फिरवलं ना, की पुढची चाकंपण ओढायला लागतात." मी म्हणाले, "आधी त्याला दांडा असायचा. छोटा, गिअरच्या बाजूला." तर पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय सांगणार? कालपासून तो दांडा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुम्हीच शिकवला होतात. अलिबागेच्या शेठनं मिलिटरीच्या लिलावात घेतलेली ती डिस्पोजलची जीप, तुम्ही तिचे डायवर. एकदा किनाऱ्यावर ओहोटीच्या वाळूत मला शेजारी बसवून तुम्ही सगळं दाखवलंत. हा गिअर, हा ब्रेक, आणि हा दांडा टाकला की पुढची चाकं जागी होतात. मी लगेच हात घातला, तशी चापट बसली मनगटावर. "इचारल्याबिगर गाडीतल्या कशाला हात लावायचा न्हाय! गाडी काय भातुकली हाय?" मला एवढा राग आला होता की घरी येईस्तोवर मी तोंड फुगवून बसले. पण दांडा लक्षात राहिला तो राहिलाच.

महाराष्ट्र व्हायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आपल्या गावाला एसटी यायची का नाही, ते त्या एका दिवसावर ठरणार होतं. तीन जीपा अलिबागेहून निघून खाडी, टेकडी, पुळण असं करत गावात पोचल्या, तर एसटीचे साहेब कागदावर सही करणार आणि निदान पाऊस सोडून आठ महिने गाडी सुरू होणार. गावासाठी होतं ते गावासाठी, पण मला माझीच पडली होती. अलिबागेच्या मास्तरीण व्हायच्या वर्गाला माझा नंबर लागला होता. अठरा वर्षांची होते. आईनं बजावलं होतं, "रोज जाऊन येशील तर जा. परक्याच्या घरी न्हाय ठेवायची मी पोरीला. गाडी आली तर वर्ग, न्हायतर न्हाय." म्हणजे त्या दिवशी तुमच्या हातात सुकाणूचं चाक नव्हतं, माझा वर्ग होता. तुम्हाला ते माहीत होतं ना? मला आजही हे विचारावंसं वाटतं.

वर्गाच्या कामासाठी मी अलिबागेला आलेलीच होते, तर तुम्ही मला पुढच्या गाडीत घेतलंत. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, "मुलगी कशाला?" तुम्ही म्हणालात, "साहेब, भरतीचा हिशोब तिला माज्यापेक्षा चांगला येतो." मी फुगले नुसती. द्वितीया होती. तिथीची पाऊणपट केली की दीड, दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातला पुरी ओहोटी. आपण बरोबर सातला खाडीत उतरलो. पुढे तुम्ही, मधे साहेबांची सरकारी जीप, मागे रेवदंड्याकडचे ते चाचा, तुमच्याइतकेच मुरलेले. पाणी फळीपर्यंत आलं, माझ्या चपला तरंगल्या. तुम्ही दांडा टाकलात, पंख्यानं इंजिनावर पाणी उडू नये म्हणून त्याचा पट्टा आधीच काढून ठेवला होता, आणि गाडी म्हशीसारखी शांत पैलतीराला लागली. सरकारी जीप मात्र मधेच बसली. चाचांनी मागून ढुशी देत देत तिला काढली आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, उतरून ढकला ना जरा, गाडी तुमचीच हाय!" साहेब पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून खरंच उतरले. टेकडीवर जांभ्या दगडाच्या पायऱ्या, एकेक हातभर उंच. तुम्ही चाकाखाली दगड लावून एकेक पायरी चढवलीत, मग मागे जाऊन दुसऱ्या दोघांच्या गाड्याही तुम्हीच चढवल्यात. साहेब म्हणाले, "या माणसाला भीती माहीत नाही." त्या क्षणी मला वाटलं, माझा बाप म्हणजे बापच.

आणि मग बांध. खारजमिनीतून गावात शिरायला तेवढी एकच कोरडी वाट. एका अंगाला समुद्राचं पाणी, दुसऱ्या अंगाला आपली भातखाचरं. आपल्या गावाची रीत कशी होती! बांधावर बैलगाडी चढवायची नाही, म्हैस घालायची नाही. नवरी आली तरी तिला गाडीतून उतरवून चालत नेत. दर वैशाखात घरटी एक माणूस पाळीला उभा राहून हातानं चिखलाची ढेपं थापायचा. आणि तेच गाव त्या दिवशी पलीकडच्या टोकाला सनई लावून, नारळ घेऊन मोटारीची वाट बघत होतं! आई पण होती त्यात, डोक्यावरून पदर घेऊन. एसटीच्या हौसेत कुणाला रीत आठवली नाही. मलाही नाही.

तुम्हाला आठवली. तुम्ही उतरलात, टाचेनं बांध दाबलात, खेकड्याच्या बिळात खांद्यापर्यंत हात घातलात. हात काळा, ओला होऊन बाहेर आला. तो धोतराला पुसलात आणि गाडीत येऊन बसलात. चढावाला गाडी लावताना तुमचा हात खाली गेला आणि तुम्ही हळूच दांडा सोडलात. मी बघितलं. नुसती मागची चाकं गरगर फिरली, चिखल उडाला, गाडी जागची हलली नाही. "न्हाय जात, साहेब." साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "दगड लावा, पुन्हा बघा." तुम्ही आणि चाचा मागे दगड शोधायला गेलात. गाडी सुरू होती. मी एकटी होते. पलीकडे सनई वाजत होती.

दांडा मी टाकला, आबा.

तुम्ही येऊन बसलात आणि चाकं फिरवल्याचं नाटक करायला पाय जोरात दाबलात. गाडी उसळली ती बांधावर चढून वीस-पंचवीस हात धावली. गावानं केवढा गलका केला! तुम्ही ब्रेक मारलात. आधी दांड्याकडे बघितलंत, मग स्वतःच्या हाताकडे. माझ्याकडे नाही. हे मला आजवर कळलेलं नाही. तुम्हाला वाटलं का, की आपणच सोडायला विसरलो? की कळलं होतं, आणि माझ्याकडे बघायचं नाही म्हणून हाताकडे बघितलंत? साहेब धावत आले, "अहो, जातेय की! चला!" तुम्ही गाडी बंद केलीत, चावी खिशात घातलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "मी न्हाय नेणार. मला भ्या वाटतंय." साहेबांनी चाचांना विचारलं. चाचांनी बिडी विझवली, "हा न्हाय नेत तर मी कोन?" साहेबांचा डायवर तर खाली बघूनच उभा. तुम्ही गाडी मागे मागे घेत उतरवलीत, आणि बांधावर दोन खोल चाकोऱ्या राहिल्या. दीडची भरती वर चढत होती. साहेबांनी कागदावर काय ते लिहिलं.

पोकळ बांधाचं का सांगितलं नाहीत? मी खूप विचार केलाय. सांगितलं असतंत तर गाव म्हणालं असतं, "पडली बांधाला खांड तर बुजवू की, गाडी येऊ द्या." तेव्हा गावाला बांधापेक्षा एसटी मोठी होती. म्हणून तुम्ही भित्रे झालात. मला मात्र तेव्हा असं काही सुचलं नाही. मी सहा महिने तुमच्याशी धड बोलले नाही. वर्ग गेला, पुढल्या मार्गशीर्षात माझं लग्न लागलं, मी नागावला आले. गावातली पोरं तुम्हाला "भ्यालेला डायवर" म्हणायची, आणि मी ऐकून घ्यायची. खोटं कशाला बोलू, बरंसुद्धा वाटायचं.

पण त्याआधी, त्याच वर्षीच्या श्रावणात, उधाणाच्या भरतीला, बांधाला खांड पडली. बरोब्बर त्या चाकोऱ्यांच्या जागी. आठ घरांच्या शेतात खारं पाणी शिरलं, त्यात आपलंही. लोक म्हणाले, खेकड्यांनी केलं. काही म्हणाले, डायवरनं केलं. तुम्ही शेठकडून सुट्टी काढून आलात आणि बारा दिवस कमरेएवढ्या चिखलात उभे राहिलात. प्रत्येक घराची एक पाळी, तुम्ही दोन केल्यात, सकाळची आणि दुपारची. कुणीतरी विचारलं, दुसरी कुणाची? तुम्ही म्हणालात, "एक घराची, एक गाडीची."

मी दुपारी पेज घेऊन यायची, भांडं ठेवायची आणि वळायची. एका दुपारी तुम्ही भरलेलं घमेलं माझ्याकडे केलंत आणि हसून म्हणालात, "धरतेस का जरा?" एवढंच. काल चिखलात उभ्या असलेल्या पणतीनं दोराचं टोक माझ्याकडे केलं, अगदी तसंच, "धरतेस का, आज्जी?" आणि मला ते घमेलं आठवलं. तुम्ही मदत मागत होतात, की मला माझी पाळी देत होतात? काल मी दोर धरला. हात सोलले, पण धरला. घरी येऊन हे लिहायला बसले. आता याची घडी घालून तांदळाच्या डब्याखाली ठेवीन, दुसरं कुठं पाठवणार?

त्या दुपारी मी तुम्हाला म्हणाले होते, "नको, पातळ खराब होईल." पातळ जुनंच होतं, आबा.