आठ आणि आठ चार

खारूताई,

तुझ्या धाकट्या आजोबांच्या एका पत्राला मी कधी उत्तर दिलं नाही. त्याने लिहिलं होतं, "दादा, आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर गिटारच्या अ‍ॅम्पला समांतर जोडतोय. मागचं ओहमचं बटण चारवर ठेवू की सोळावर? शनिवारी कार्यक्रम आहे. आपल्यात वाचणारा तू, तूच सांग."

उत्तर मला ठाऊक होतं. तरी खात्री करावी म्हणून तीन पुस्तकं काढली आणि शनिवार उलटून गेला. त्याने आठ नि आठ सोळा धरले. दुसऱ्याच गाण्याला अ‍ॅम्प जळाला. त्याने मला बोल लावला नाही, पण पुन्हा कधी काही विचारलंही नाही. गिटारही सोडली.

काल तू तेच विचारलंस आणि मी "बघून सांगतो" म्हणालो. "तुमचं बघून होईस्तोवर मी म्हातारी होईन!" म्हणालीस. खरंच आहे ते.

तर तुझे दोन्ही स्पीकर आठचे आहेत. समांतर जोडलेस की चार होतात. बटण चारवर ठेव. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करू नकोस. हे पुस्तक न उघडता लिहिलंय.

दूध तापवलंय. मी कोपऱ्यावर जाऊन येतो.

ता. क. आलो. तू अजून झोपलेलीच आहेस, म्हणून हे खाली लिहितो. धाकट्याला पत्र टाकलं. त्यात एवढंच आहे: "चारवर ठेवायचं होतं. मला माहीत होतं."