ताईच्या साइटचा जुना पत्ता

३ मार्च, सोमवार

झालं एकदाचं! ताईची साइट नव्या सर्व्हरवर हलवली. जुना सर्व्हर लगेच बंदही करून टाकला, मागे पसारा नको. मग तिच्याकडे जाऊन तिच्या लॅपटॉपवर उघडून दाखवली — वर तिचं नाव, खाली वेळ ठरवायचं बटण. खूश झाली. हॉस्पिटलातली नोकरी सोडून स्वतःची खोली घेतलीये बाईसाहेबांनी. पक्षाघातानं वाचा गेलेल्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते. एकेका शब्दासाठी तासभर बसते. मला दोन मिनिटं धीर नसतो. लोक मला शोधणार कसे ते तू बघायचं, म्हणाली. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

७ मार्च, शुक्रवार

अजून कुणीच वेळ घेतली नाही म्हणून ताईचा फोन. एवढी कसली घाई!

१२ मार्च, बुधवार

ताईच्या एका जुन्या पेशंटच्या मुलीनं तिला कळवलं — साइट उघडत नाही. माझ्याकडे लगेच उघडली. ताईच्या लॅपटॉपवरही उघडते. त्या बाईंचाच फोन जुनापुराणा असेल, असं सांगून मोकळी झाले. वर ऐकवलं की हे माझं रोजचं काम आहे, सतरांदा विचारू नकोस. ती "बरं" म्हणाली. ताई "बरं" म्हणाली की पुढे बोलत नाही.

१६ मार्च, रविवार

ताईकडे जेवायला. आधी तिची खोली पाहिली. समोरासमोर दोन खुर्च्या, ओठांची हालचाल बघायला आरसा, चित्रांचे पत्ते नीट लावून ठेवलेले. माणूस नाही. हॉस्पिटलानं परत बोलावलंय, शुक्रवारपर्यंत काय ते कळवायचं आहे. जेवताना तिनं पुन्हा विचारलं, साइटमध्ये काही गडबड नाही ना? तेही भावोजींसमोर! माझं डोकंच फिरलं.

"साइट ठणठणीत आहे, ताई. लोकांनाच तुझी गरज नसेल, त्याला मी काय करू?"

भावोजी ताटात बघत राहिले. ताई पाणी आणायला उठली. पाण्याचा जग टेबलावरच होता.

२१ मार्च, शुक्रवार

ताईनं हॉस्पिटलला होकार दिला. सोमवारी खोलीची किल्ली परत करणार. मला वाटलं, सुटले, कटकट मिटली. इथे लिहितेय म्हणून ठीक, बाहेर हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

२५ मार्च, मंगळवार



ऑफिसात दुसऱ्याच एका साइटचं काहीतरी अडलं होतं म्हणून डिग चालवत होते. भावोजींना मीच एकदा ऐटीत समजावलं होतं — काळ्या खिडकीत डिग लिहायचं, पुढे साइटचं नाव, की तिचा आकडी पत्ता मिळतो. आज सहज, हाताला चाळा म्हणून, ताईच्या साइटचं नाव टाकलं. जुना पत्ता आला! बंद केलेल्या सर्व्हरचा. एनएसलुकअप या तशाच दुसऱ्या आज्ञेनं विचारलं, तेच. बाहेरच्या दुसऱ्या एका सर्व्हरला विचारलं, तेच. पिंग केलं, म्हणजे साइटच्या नावानं नुसती हाक मारून पाहिली, तर मात्र नवा पत्ता.

साइट हलवण्याआधी चाचणी म्हणून नवा पत्ता मी माझ्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे त्या मशीनपुरत्या पत्त्यांच्या यादीत, हातानं लिहिला होता. ताईला दाखवायचं म्हणून तीच ओळ तिच्या लॅपटॉपवरही. ब्राउझर आणि पिंग आधी ती फाइल बघतात. डिग तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, सरळ बाहेर विचारतं. आणि बाहेर, जिथे सगळं जग पत्ता विचारतं, तिथे तो बदलायचाच मी विसरले. म्हणजे साइट दिसत होती फक्त आम्हा दोघींना! बाकी सगळ्यांना काहीच नाही.

ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मीच दम देते, ब्राउझरवर विसंबू नका, आधी डिग करा. एका ओळीचं काम. ते सख्ख्या बहिणीसाठी करावंसं वाटलं नाही मला. तिची गरज नसेल म्हणाले! लाज वाटते. स्वतःचीच किळस येते.

पत्ता बदलला. कुणाजवळ काही बोलले नाही.

२७ मार्च, गुरुवार

साइटवरून तिघांनी वेळ मागितली. भावोजींचा फोन — तुझी साइट चालायला लागली म्हणायची, हुशार आहेस. मी थँक यू म्हणाले. थँक यू! ताईकडे आता खोली नाही. त्या तिघांना ती एकेकाला फोन करून नाही म्हणतेय, हॉस्पिटलात या म्हणतेय.

२८ मार्च, शुक्रवार

दोनदा ताईचा नंबर लावला. दोन्ही वेळा हवापाण्याचंच बोलले.

३० मार्च, रविवार

सांगितलं. काही लपवलं नाही. आता फाडून खाईल म्हणून मान खाली घालून बसले. ताईनं माझा हात घट्ट धरला.

"म्हणजे लोक येत होते?"

हो म्हटलं. मान वर केली तर ती रडत होती, आणि हसत होती.

"किती जण आले असतील गं?"

बंद सर्व्हरवर कसलीच नोंद राहत नाही.