शामला टेम्पोवर का नेत नाही

शेणवा,
ता. ९ मे २००५

रंजिता,

तुझ्या घरी सगळी बरी असतील. आमच्याकडे आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात, आणि विहीर तळाला गेलीय.

माझं सगळं बदललं ते दोन वर्षांपूर्वी सापगावात, तुझ्या मामेबहिणीच्या, रुपाच्या लग्नात, वरात मांडवाशी पोचली त्या दुपारी. पण आधी तुझ्या चिठ्ठीचं.

शामनं ती काल दिली. वर्षभर बोलली नाहीस आणि लिहिलंस तेही भावासाठी, म्हणून राग आला. मग दहादा वाचली. ‘त्याची नववी झाली, सुट्टीभर डीजेच्या टेम्पोवर घे.’ रंजिता, मी त्याला घेणार नाही. ‘दादा, नुसत्या वायरी गुंडाळीन रे,’ म्हणत पायाशी बसला, तरी नाही. तू म्हणशील, हा अजून डूख धरून आहे. तसं नाही. खरं कारण मी आईलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतो.

रुपाच्या सासरच्यांनी मुरबाडहून आपला टेम्पो आणला होता. आमचा मुलीकडचा. दोन्ही तोंडाला तोंड लावून उभे. आमच्यात नियम एकच, आधी आवाज खाली घेईल तो हरला. आमचा ऑपरेटर मंगळ्या वातींचा कापूस खिशात ठेवतो. मला म्हणाला, ‘कानात बोळा कोंब रे सुऱ्या. उद्या बायको हाक मारील नि तुला नाय ऐकू यायचं.’ मी कोंबला. तेवढ्यात तू करवल्यांबरोबर पुढं आलीस, आणि पोरं ओरडली, ‘आजोबांना गार वारा लागतोय कानाला.’ तू हसलीस.

मी बोळे काढून फेकले. तासभर उजवा कान स्पीकरच्या बॉक्सला लावून नाचलो. तू बघत होतीस, मला बाकी काही दिसत नव्हतं. जिंकलो आम्ही.

संध्याकाळी कानात पाणी भरल्यासारखं झालं. दोन दिवसांत जाईल वाटलं, एरवी जायचं. त्याऐवजी शिट्टी सुरू झाली, ती हे लिहिताना पण चालूच आहे. तरी मी टेम्पो सोडला नाही. सोडला असता तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं.

कॉलेजात सरांनी हजेरीला माझा नंबर तीनदा घेतला. मला ऐकूच आलं नाही. त्यांना वाटलं, मस्ती करतोय. ते काही बोलले, मी खुर्ची फेकली आणि निघून आलो. सगळे म्हणाले, सुरेंद्रचं डोकं गरम. मी म्हणू दिलं. बहिरा म्हणण्यापेक्षा ते बरं वाटलं.

आणि गेल्या वर्षी शहापूरच्या एसटी स्टँडवर. भागी होती ना तुझ्याबरोबर, तिनं मला नंतर झापलं. ‘तिनं चारदा हाक मारली, तू मान पण नाय वळवलीस. रडत गेली ती.’ मी भागीशीच भांडलो. ऐकू आलं नाही, एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. तू माझ्या उजव्या बाजूला होतीस, रंजिता.

मार्चमध्ये मंगळ्यानं ओढत कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाला दाबलं. मग उजव्याची वाट बघत अंगठा बटणावर ठेवून बसलो. डॉक्टर म्हणाले, ‘उजवा पण झाला तपासून.’ आतली नस गेलीय, ती परत येत नाही. टेम्पोवर राहिलो तर डावाही जाईल म्हणाले. त्यानंतर मी अजून दोन महिने राहिलो. एवढा शहाणा मी.

तू हसलीस हे मनाला लावून घेऊ नकोस. सगळीच हसली होती. बोळे माझ्या हातानं काढले.

आज मुरबाडला लग्न आहे. टेम्पो दारात उभा आहे आणि तुझा भाऊ सकाळपासून बॉक्सवर चढून बसलाय. पंधरा वर्षांचा आहे, मी सांगून ऐकणार नाही. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतो. पाकीट चिकटवत नाही. वाटेत उघडून वाचेलच तो, वाचू दे.

त्याला खाली उतरवतो. मंगळ्याला सांगतो, दुसरा माणूस बघ, मी पण येत नाही.

यावंसं वाटलं तर ये. हाक मारू नकोस, समोर येऊन उभी राहा.

आई शेतावर आहे. दाराला कडी घालून बाहेर पडतो.

तुझा,
सुरेंद्र