डावीकडचा तिसरा हूक

प्रिय राजशेखर,

मेल केला असता तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झाला असतास, म्हणून कागदच घेतला. सोलापुरात ऊन भाजून काढतंय, माझ्या कॉलेजला सुटी आहे. सकाळी मल्लेशच्या घरी जाऊन आले. तो वारल्यापासून त्याचे वडील माग फारसा चालवत नाहीत. तुझी मात्र आठवणीने चौकशी करतात.

त्यांच्याच मागासाठी आपण तिघांनी चादरीच्या नक्षीचा प्रोग्रॅम लिहिला. मल्लेशला तो कुठलीही अट न घालता वाटून टाकायचा होता, तूच भांडलास. वापरा, बदला, विका, पण आमची नावं ठेवा आणि बदललेला कोड सगळ्यांना खुला करा, ही अट तुझी. नाहीतर उद्या कुणीतरी या येड्याचं नाव पुसून टाकेल, म्हणालास. मल्लेश किती हसला होता!

गेल्या महिन्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नवा माग आला. त्याची नक्षी चालवणारा कंट्रोलर तू नोकरी करतोस त्या कंपनीचा. चादरीच्या काठाला एक बारीक रिकामी रेघ येते म्हणून मालकांनी मला बोलावलं. रेघ पाहताच मी ओळखली. मल्लेशच्या वडिलांच्या मागाचा, धागे उचलणारा डावीकडचा तिसरा हूक मोडका होता, तो सोडून द्यायची ओळ मल्लेशने प्रोग्रॅममध्ये घातली होती. नव्या कोऱ्या मागाला ती कशाला लागावी? कंट्रोलरमध्ये आपली नावं कुठेच नव्हती. मालकांनी कोड मागितला, तोही मिळाला नाही.

आता त्या प्रोग्रॅमवर देशोदेशीची माणसं काम करतात. त्यांना कळवलं तेव्हा काही जण भडकले, लगेच चव्हाट्यावर आणा म्हणाले. पण आपल्या मंडळींची रीत तुला ठाऊक आहे. आधी खात्री करायची, मग खासगीत विचारायचं. अनवधानानेही होतं असं. पैसे नकोत, कोर्ट नको, अट पाळली की मिटलं. कंपनीला तसंच साधं पत्र गेलं.

उत्तर काल आलं. प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून आमच्याच माणसाने लिहिला, असं त्यात म्हटलंय, आणि खाली त्या माणसाची सही आहे. तुझी. आता सगळं जाहीर करायचं ठरलंय, त्या सहीसकट. मूळ लिहिणाऱ्यांतली एक म्हणून माझी संमती लागते, ती मी अडवून धरली आहे. तुझा भयंकर राग आलाय रे, आणि तरी तुझं नाव असं छापून आलेलं मला बघवणार नाही. मल्लेशचं नाव परत घाल, कोड खुला कर. नाहीतर मी संमती देईन. सहीचं मल्लेशच्या वडिलांना अजून सांगितलेलं नाही. नाव काढलंय एवढंच सांगितलं, तर म्हणाले, "काळजी कशाला करती? राजशेखर हाय की तितं. त्याला कळव, त्यो घालंल आमच्या पोराचं नाव." मी बरं म्हणून घरी आले आणि हे लिहायला बसले.

अजूनही तुझीच मैत्रीण,
श्रीदेवी