दोरीला टांगलेला चेंडू

कोल्हापूर,
शुक्रवार

प्रिय अल्ताफ,

पत्र बघून तू आधी हसशील, मग घाबरशील. घाबरू नकोस, अब्बा-अम्मी ठीक आहेत. म्हणजे अम्मी ठीक आहे. शाळेतून अर्धी रजा टाकून आले, तांदूळ भिजत घातले आणि स्वयंपाकघरात लिहायला बसले. तेवढ्यात दोनदा उठून दाराची कडी बघून आले, कारण अब्बा हल्ली कडी काढून निघून जातात. अख्ख्या वर्गाला एका नजरेत गप्प बसवणारी तुझी आपा आज स्वतःलाच एका जागी बसवू शकत नाही.

तुझी शनिवारची मॅच सगळ्या गल्लीनं बघितली. सम्मेदनं दुकानातला टीव्ही बाहेर मांडला होता. शाळेच्या टीममध्ये तुझ्या शेजारी बॅक खेळणारा तो पोरगा आता भांड्यांचा मोठा व्यापारी झालाय, पण मॅच बघताना अजून खुर्चीवर चढतो. कॉर्नरला तू उडी मारलीस, समोरच्याचं डोकं तुझ्या कानशिलावर आदळलं आणि तू आडवा झालास. उठलास, ते भलत्याच बाजूला चालायला लागलास. तुमच्या गोलकीपरनं खांद्याला धरून तुला वळवलं. मग डोक्याला पट्टी बांधून तू शेवटपर्यंत खेळलास, आणि गल्ली बेभान झाली. "ह्याला म्हणत्यात कोल्हापूरचा स्टॉपर," असं जो तो म्हणत होता. खोटं कशाला सांगू, माझाही ऊर भरून आला. तुला वळवावं लागलं, ते मला घरी आल्यावर आठवलं.

सोमवारी चौकात तुझा फ्लेक्स लागला. डोक्याला रक्ताळलेली पट्टी, आणि खाली लिहिलंय, 'डोकं फुटलं, पण बॉल सोडला नाही'. अब्बा दूध आणायला गेले ते तिथंच थांबले. बराच वेळ बघून त्यांनी सम्मेदला विचारलं, "ही मॅच मी कवा खेळलो रं?" सम्मेद म्हणाला, "मौलाचाचा, आपला अल्ताफ हाय की ह्यो." "व्हय व्हय," म्हणाले आणि दूध न घेताच घरी आले.

तुला तालमीमागचा कडुलिंब आठवतो ना? अब्बांनी त्याच्या फांदीला चामड्याचा जुना बॉल दोरीनं टांगला होता. आदल्या रात्री तो हौदात बुडवून ठेवायचा, म्हणजे सकाळी पाणी पिऊन चांगला जड झालेला असायचा. तालीम मुळात पैलवानांची, फुटबॉलची टीम तिथं मागाहून आली. जड उचललं की अंगात ताकद येते, एवढं एकच शास्त्र तिथं चालायचं, तेच अब्बांनी डोक्याला लावलं. त्यांच्या वस्तादांनी त्यांना तसंच घडवलं होतं. तू उंच होत गेलास तशी दोरी वर बांधायचं काम माझं. मी हौसेनं एकदाच हेड मारून बघितला, तर संध्याकाळपर्यंत कान गुणगुणत होते. अब्बा हसले. "पोरी, हे तुझं काम न्हवं," म्हणाले. तू मात्र कधी हूं की चूं केलं नाहीस. आणि त्या दोरीनंच तुला पेठेच्या टीममधून उचलून गोव्याच्या क्लबात नेऊन सोडलं, कॅप्टन केलं, हे घर बांधून दिलं. म्हणून तर माझी जीभ जड होते.

गेल्या महिन्यात राजारामपुरीत मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं, ते तुला सांगितलं होतं. तिथं काय बोलणं झालं ते सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, कधी डोक्याला मार बसला होता का? अब्बा ताठ बसले. "मार कसला, आमीच बॉलला मारत हुतो की." डॉक्टर हसले नाहीत. यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही म्हणाले, पण यामुळं नाही असंही म्हणाले नाहीत. साठी आत्ता कुठं ओलांडलीय रे त्यांनी. आज सकाळी ते अम्मीला म्हणाले, "बसा की पावणं, च्या घेऊन जावा." अम्मी मुकाट्यानं बसली आणि स्वतःच केलेला चहा पाहुण्यासारखा प्यायली. मी मोरीत जाऊन रडले.

कडी काढून ते कुठं जातात, तेही कळलंय. गेल्या आठवड्यात कडुलिंबाखाली सापडले. बॉल कधीच कुजून गेलाय, दोरी तेवढी लोंबतेय. तिच्यासमोर उभे राहून ते मान पुढं टाकत होते, पुन्हा मागं घेत होते. मी हाताला धरून घरी आणलं.

तू म्हणशील, आपाला फुटबॉलमधलं काय कळतं? ऑफसाइड समजायला मला किती वर्षं लागली, त्यावरून तू अजून चिडवतोस. ते राहू दे. आता ज्यासाठी बसले ते लिहिते. मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन आला. क्लब आणखी दोन वर्षं ठेवून घेतोय, येत्या बुधवारी सही आहे, असं सांगितलंस. मी फोन ठेवून कुकर लावला. त्याची शिट्टी व्हायच्या आत तुझा पुन्हा फोन. "आपा, एक बातमी हाय." तेच शब्द, तोच आनंद. मला वाटलं चेष्टा करतोस, म्हणून तू हसायची वाट बघत राहिले. तू हसला नाहीस. मग मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं मुबारक म्हणाले, कारण अब्बांशी तसं बोलायची मला सवय झालीय. परवा मी तुला फोनवर सगळं सांगितलं, भांडले, रडले. सही करू नको, आधी त्याच डॉक्टरांना दाखवू, ते खेळ म्हणाले तर मी स्वतः तुला गोव्याच्या गाडीत बसवते, असं म्हणाले. "व्हय आपा, येतो," म्हणालास. काल फोन केलास तेव्हा त्यातलं काहीच तुझ्या लक्षात नव्हतं. म्हणून हे कागदावर लिहिलंय आणि सम्मेदच्या हाती देतेय. त्याच्यासोबतच निघून ये. आणि वाटेत कधी वाटलं, की आपण कोल्हापूरला कशाला चाललोय, तर खिशातून काढून पुन्हा वाच.

तुझीच,
इरम आपा