लोकर कशापासून होते

छबे,

मी मावशीकडे चाललेय. शोधत फिरू नकोस आणि फोनही करू नकोस. दूध तापवून ठेवलंय, किल्ली शेजारी दिलीय.

काल जेवताना तुझ्या नवऱ्यासमोर तू माझी परीक्षा घेतलीस. सांग आई, लोकर कशापासून होते? मी गप्प बसले, तर तुम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलंत. डोळे शाबूत आहेत माझे. जन्मभर विणून तुझ्या अंगावर घातलं, त्याची ही पावती.

मी विसरते म्हणतेस? दुसरीत असताना वर्गातली एक मुलगी हसली म्हणून तू लाल स्वेटर कात्रीने कापून गादीखाली कोंबलास, आणि कुत्र्याने पळवला म्हणून मला रडून सांगितलंस. मी चकार शब्द काढला नाही. पुन्हा तसाच विणून दिला. मला सगळं लख्ख आठवतं. तेव्हा ती डॉक्टरची भाषा माझ्यापुढे नको.

तुझा निळा स्वेटर खुर्चीवर आहे. गळा तेवढा राहिलाय, तो आता दुसऱ्या कुणाकडून करून घे.

आणि उत्तर हवं होतं ना तुला? लोकर झाडाला लागते, बोंडं फुटली की काढतात. सकाळी खाली जाऊन लोकरवाल्यालाही विचारून आले. एरवी तो एकेका रंगावरून माझ्याशी हुज्जत घालतो. आज मान खाली घालून म्हणाला, "बरोबर आहे, काकू." आणि दुकान तसंच उघडं टाकून मला हाताला धरून दारापर्यंत सोडायला आला.

परक्या माणसाला कळतं कसं वागायचं ते. तुला नाही.

आई