दोन डाव्या हातांचा बाहुला

माय, काल एका बाईने माझ्या टेबलावर एक बाहुला आणून ठेवला आणि मी तिच्यासमोरच रडायला लागले. तू असतीस तर म्हणाली असतीस, कामावर बसून कायले रडून राहिली वं? गोंदियात मी बाहुले पारखायचं काम करते. सिनेमातल्या हिरोंच्या, राक्षसांच्या महागड्या फिगर लोक हौसेने जमवतात आणि अस्सल की नकली ते मला विचारायला येतात. मी आधी डोळे बघते; बुबुळाचा रंग रेघेबाहेर गेला की माल हलका. मग गुडघा वाकवून सोडते, वाकवला तिथेच थांबला पाहिजे. मग जोडाची रेघ, प्लॅस्टिकचा वास, आणि शेवटी बाहुला टेकूशिवाय पायांवर उभा राहतो का. "मॅडम, असली है क्या?" लोक जीव मुठीत धरून विचारतात, आणि मी तोंडावर सांगून टाकते. जीभ तुझीच आहे ना.

पारखायला मात्र मी बिडी कारखान्याच्या ओसरीत शिकले. दिवसभर वळलेल्या बिड्या सुपात घेऊन तू जायचीस, मी तुझ्या मागे. तिथला चेकर एकेक बिडी दोन बोटांत दाबायचा आणि नापसंत झाली की बाजूला भिरकावायचा, "छाट." तू तिथे हूं की चूं करायची नाहीस. घरी आल्यावर पातेली आपटायचीस.

एका वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतून तू पदराआड लपवून काहीतरी आणलंस. सिनेमातल्या बुरखेवाल्या हिरोच्या बाहुल्यासाठी मी कितीतरी दिवस तुझं डोकं खाल्लं होतं. "घे वं, तुझा सिनेमावाला," तू म्हणालीस. मी उलटापालटा करून पाहिला. बुरखा वाकडा रंगवलेला, आणि दोन्ही हात डावे. मी तो दोन बोटांत दाबला, अगदी त्या चेकरसारखा, आणि चटईवर भिरकावला. "छाट." दहा वर्षांची होते मी, काय बोलले ते मला चांगलं कळत होतं. तुझ्या हातातलं बिडीचं पान तसंच राहिलं. मग तू एवढंच म्हणालीस, "हौ, बरोबर हाय तुझं." त्या संध्याकाळी घरात एकही पातेलं वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येते तर तू चुलीपाशी बसलेली. पान कापायच्या कैचीचं टोक तापवून त्या बाहुल्याच्या एका हाताचा अंगठा तू कापलास आणि पंजाच्या दुसऱ्या बाजूला वितळवून चिकटवलास. डाव्याचा उजवा हात केलास, माय! "पाह्य बरं आता," म्हणत पुढे धरलास. तुझं बोट पोळलं होतं. "वाकडाच आहे," म्हणून मी खेळायला पळाले. आज भिंग लावून बसणारे मोठमोठे कारागीरही असं काम चार वेळा बिघडवतात.

कालच्या बाईचा बाहुला नकलीच होता. पोरीसाठी घेतलाय म्हणून सांगताना तिचा चेहरा खुलला होता. मी म्हटलं, नकली आहे, पण पोरीला सांगू नका. ती कसनुशी हसली. "उसी ने भेजा है मॅडम. बोली, पूछ के आओ." मग मला रडू आवरलं नाही.

तू दवाखान्यात होतीस तेव्हा एकदा विचारलंस, "तो बाहुला हाय का वं अजून?" मी म्हटलं, आहे ना, कपाटात जपून ठेवलाय. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तू लगेच सांगितलंस, माझी पोरगी लई जपते सामान. माय, मैत्रिणी त्या अंगठ्याला हसल्या म्हणून मी तो तू दुरुस्त केलास त्याच आठवड्यात शेतातल्या बोडीच्या पाण्यात फेकून दिला होता. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर ही चिठ्ठी मलाच तुला वाचून दाखवावी लागली असती, आणि एवढं एक वाक्य मी तेव्हाही गाळलं असतं.